बत्तिसावा हिरडा

९ फेब्रुवारी २०२५

छगन,

माझं अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, तेवढे तुझे उपकार. फोन तर तू घेत नाहीस. मागं पुंजारामच्या मोबाईलवरून केला, तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हा खटाटोप. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझं अक्षर सुधारलंय, एवढं तरी कबूल करशील.

बा गेला त्याला आज महिना झाला. तुला निरोप पोचला होता हे मला माहीत आहे, कारण पुंजारामनं तुझ्या माधुरीशी बोलून खात्री केली होती. दहाव्याला मी पिंडापेक्षा रस्त्याकडंच जास्त बघत होते. कावळा लगेच शिवला. कुणाला ताटकळत ठेवणं बाला कधी जमलंच नाही. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची काही इच्छा राहिली नव्हती. त्याची इच्छा काय होती ते मला ठाऊक होतं, पण ती नदीवर दहा माणसांत सांगण्यासारखी नव्हती.

असो. मी रडगाणं गायला बसलेली नाही. काम आहे.

हिरडदऱ्याचा आपला दावा फेटाळला. नीट सांगते, कारण बावीस वर्षांत तू इकडं फिरकला नाहीस. वाडीनं दोन वर्षांपूर्वी वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा टाकला. हिरडदरा पिढ्यान्‌पिढ्या आम्ही राखला, तर राखायचा हक्कही वाडीच्या नावे करा, एवढंच मागणं. पुंजाराम समितीचा अध्यक्ष, मी सचिव. अध्यक्ष भाषणं करतो आणि सचिव कागद करते. ग्रामसभेचा ठराव जोडला. वणवा आत शिरू नये म्हणून दरसाल आपण गवत काढून पट्टे साफ करतो, त्याचे फोटो जोडले. राखणीच्या पाळ्यांची यादी जोडली. वरच्या समितीचं उत्तर आलं की उपग्रहाच्या नकाशात तिथं दाट जंगल दिसतं. वस्ती नाही, शेती नाही, माणसाचा हात लागल्याची खूण नाही. सबब वहिवाट सिद्ध होत नाही.

पुंजारामनं ते पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाला, "आक्के, कुऱ्हाड लावली असती तर खून दिसली असती. आपन लई शान्यासारखं वागलो, तिथंच घोळ झाला." तो हसला, मीही हसले.

आता दऱ्याच्या तोंडाशी खुंट्या ठोकल्यात. पर्यटकांसाठी तंबू येणार आहेत आणि गाड्या लावायला जेसीबीनं सपाटी होणार आहे. चुन्याची रेघ तुझ्या हिरड्यापासून आठ पावलांवरून जाते. मी मोजली.

आम्ही अपील केलंय. मे महिन्यात अधिकारी पुन्हा पाहणीला येतील. तेव्हाही काही दाखवता आलं नाही, तर दरा गेला. त्या दिवशी तू हवास. का ते तुला सांगायला नको.

तुझी
आक्का


२ मार्च २०२५

छगन,

उत्तर नाही. बरं.

या वेळी सगळं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे तुला वाटलं तर पार्थला वाचायला देता येईल. शहरात वाढलेल्या पोराला यातलं काही ठाऊक नसणार.

वाडीतलं तान्हं किंवा लहान लेकरू गेलं की आपण त्याला जाळत नाही. हिरडदऱ्यात नेऊन मातीत ठेवतो. पाऊस लागला की त्याचा बाप किंवा आई उशाशी हिरडा लावते. त्या झाडाचं फळ आपण कधी तोडत नाही, ते पाखरांचं. दऱ्यात कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकीही आणायची नाही. आणि त्या लेकराचं नाव परत घ्यायचं नाही. नाव ऐकलं की ते मागं वळून बघतं आणि त्याची वाट चुकते, असं आपली म्हातारी माणसं सांगत आली. अगदीच घ्यावं लागलं, तर जन्म दिलेल्यानं घ्यावं, ते पण झाडापाशी उभं राहून.

आता माझी चूक ऐक. दाव्याच्या अर्जात पुरावा म्हणून काय लिहायचं, तर मी लिहिलं, 'देवाचं रान, पूर्वापार'. सगळं माहीत असून एवढंच लिहिलं. ग्रामसभेत शंभर माणसं बसली होती, तीही सगळी माहीत असून गप्प राहिली. सरकारी कागदावर लेकरं कशी लिहायची? कुणाला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी कुणी लिहू दिलं नसतं. देव लिहिला की भागतं, असं आम्हाला वाटलं.

दावा फेटाळल्यावर परत सभा घेतली. पुंजाराम कायदा वाचत होता, की वाडवडलांची दफनाची जागा, जुनी झाडं, म्हाताऱ्यांचे जबाब हाही पुरावा धरतात. सगळे माना खाली घालून बसले. मग ठकूबाई उठली. तुला आठवते ना, आपल्याला चिंचा चोरताना धरायची ती. आता ऐंशीच्या पुढं आहे, काठी घेऊन चालते. ती म्हणाली, "आरं, त्यांची मोटार माझ्या पोराच्या छातीवर हुबी राहनार आन मी नाव न्हाई घेत म्हनून घरात बसू व्हय? वाट चुकायची आसंल तर चुकू दे. मी बी आता त्याच वाटंला लागलीय, धरीन त्याला हाताला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हाला दऱ्यात घेऊन गेली. एका थोरल्या हिरड्यापाशी थांबली, खोडाला हात लावला आणि म्हणाली, "गोरक्षनाथ. दीड म्हैन्याचा हुता." साठ वर्षांत पहिल्यांदा. मी वहीत लिहिलं. 'क्ष' धड येईना, दोनदा गिरवला.

मग एकेक जण येऊ लागलं. आम्ही खुणेसाठी झाडाला खिळा मारत नाही, जुन्या लुगड्याची चिंधी बांधतो. कुणाचा नवरा नको म्हणत होता, तर ती पहाटे शेण काढायच्या आधी येऊन दाखवून गेली. पुंजारामचंही एक आहे, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. रोज माझ्या समोर बसून तंबाखू मळणारा माणूस. त्यानं नाव सांगितलं आणि चिंधी बांधताना गाठ तीनदा सोडली.

एकतीस झाली. बत्तिसाव्या ओळीत मी फक्त 'दऱ्याच्या तोंडाशी, उजव्या हाताला' एवढं लिहून ठेवलंय. पुढचं मला लिहिता येणार नाही. मी तिची आत्या आहे, आई नाही. आणि तंबूंची हद्द नेमकी त्याच झाडापाशी सुरू होते, म्हणून तेच पहिलं बघतील.

आक्का


२८ मार्च २०२५

छगन,

आज माधुरीचा फोन आला. तू माझी पत्रं वाचतोस आणि शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या कप्प्यात ठेवतोस, असं तिनं सांगितलं. तुझं म्हणणंही जसंच्या तसं सांगितलं. "ज्या म्हाताऱ्यानं माझी लेक घालवली, त्याच्या रानासाठी मी पाऊल टाकनार न्हाई."

रान म्हाताऱ्याचं नाही. वाडीचं आहे. आणि तुझ्या लेकीचं आहे.

फोनात मागून पार्थचा आवाज आला, "कोणती लेक?" बावीस वर्षांचा घोडा झाला आणि त्याच्या आधी घरात एक पोरगी होती हे त्याला कुणी सांगितलं नाही. शाब्बास तुमची. आम्ही अडाणी लोक नाव घेत नाही, पण लेकरू होतं हे कुणी लपवत नाही. तिच्यासाठी आम्ही अख्खं रान राखलं. तू सावेडीतल्या दोन खोल्यांत तिला कोपराभर जागा दिली नाहीस.

नको येऊस. बस तिकडंच.


१७ एप्रिल २०२५

छगन,

मागचं पत्र रागात टाकलं. टपालपेटीत हात जाईना म्हणून परत काढताही आलं नाही. राग तुझ्यावरचा नव्हता.

तीन आठवडे रोज कागद घेते आणि परत ठेवते. आज अंगणवाडीला सुट्टी आहे. आता लिहिते, मध्ये थांबणार नाही.

त्या वैशाखात तू संगमनेरला ट्रॅक्टरवर होतास. माधुरीचे दिवस भरत आले होते, ती माहेरी. लेक बाजवळ आणि माझ्याजवळ. सकाळी तिला ताप भरला. मला तेव्हा अंगणवाडीत लागून आठ महिने झाले होते. गोळ्यांची पेटी मिळाली होती, थर्मामीटर मिळालं होतं, ट्रेनिंग झालं होतं. वाडीतल्या म्हाताऱ्यासुद्धा मला विचारून काढा घ्यायच्या. मला ते फार आवडायचं, छगन. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून आले होते मी परत. पेटी मिळाल्यापासून लोक मला बाई म्हणायला लागले होते.

दुपारी बानं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "पोरीचं लक्षन बरं न्हाई. दुपारच्या जीपनं राजूरला नेऊ."

मी म्हणाले, "बा, तुला काय कळतंय? साधा ताप हाय. गोळी दिलीय मी. उद्या सकाळी बघू."

बा म्हणाला, "तुला म्हाईत." आणि बसला. त्याला सहीसुद्धा करता येत नव्हती आणि माझ्याकडं सर्टिफिकेट होतं. जीप गेली. दिवसातून एकच होती तेव्हा.

दिवस मावळायला तिला झटके आले. बानं तिला घोंगडीत गुंडाळून पाठीला बांधलं आणि पायवाटेनं धावत सुटला. त्या वयात तो कसा धावला मला माहीत नाही, मला गाठता येत नव्हता. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती गेली. त्याच्या पाठीवरच गेली. त्याला कळलं तेव्हा तो थांबला नाही, रस्त्यापर्यंत तसाच धावत गेला.

दुसऱ्या दिवशी तू आलास. तोवर आम्ही तिला मातीत ठेवलं होतं. तू विचारलंस, दुपारच्या जीपनं का नेली नाही? मी तोंड उघडलं होतं. खोटं सांगत नाही, उघडलं होतं. बा मध्येच बोलला, "मीच न्हाई म्हनलं. ढोरं सोडून जाता येईना."

छगन, आपल्याकडं तेव्हा ढोरं होती कुठं? बैल आदल्या दिवाळीत विकले होते. एक शेळी होती. तू सहा महिने बाहेर होतास आणि त्या वेळी शुद्धीवर नव्हतास, म्हणून तुझ्या ध्यानात आलं नाही. मी मात्र शुद्धीवर होते. तू त्याला नाही नाही ते बोललास. मी चुलीपाशी बसून ऐकलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

आषाढात तू येऊन हिरडा लावलास, घरात न शिरता परत गेलास. त्या दिवशी मी बाला म्हणाले, मी जाऊन सांगते. तो म्हणाला, "माज्यावर रुसला तर रुसू दे, मी किती दिस जगनार हाय? तुज्या मागं त्याच्याबिगर कोन हाय? तुला भाऊ राहू दे." आणि मी राहू दिलं. भाऊ राहिला नाहीच. बाप मात्र बावीस वर्षं फुकट चोर ठरला. मरताना त्याची एकच इच्छा होती की तुला कधी कळू नये. ती मी आज मोडली.

त्यानं स्वतः त्या झाडाला बाभळीचं कुंपण केलं होतं. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घातलं, खांद्यावर हंडा घेऊन. तेही तुला माहीत असावं.

पाहणी ५ मेला आहे, सकाळी दहाला. आता यायचं नसेल तर त्याचं कारण मी असू दे. बा नको.

चांगुणा


३१ मे २०२५

छगन,

तू आलास. सकाळी दहा वाजून गेले, अधिकारी खुर्च्यांवर बसले, चहा झाला, वरची झाडं मोजून झाली, तोवर मी आशा सोडली होती. जीपमधून आधी पार्थ उतरला. मला कुणी सांगावं लागलं नाही, त्याचे कान बाचे आहेत. मागून तू. केस पांढरे झाले तुझे. माझ्याकडं न बघता माझ्यासमोरून गेलास, ते मी धरून चालले होते. पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवलास, त्यानं मला बरं वाटलं.

काल पंचनाम्याची नक्कल आली. ती समोर ठेवून लिहितेय. झाड कुठं, कुणाचं, घेर किती, वापर काय, असे रकाने आहेत. तोंडाशीचं झाड मी तुझ्यासाठी शेवटाला ठेवायला लावलं होतं. तू आलास तोवर वरच्या झाडांचं काम होऊन गेलं होतं, हे तुला माहीत नसेल. साहेब माणूस वाईट नव्हता. टेप धरून घेर मोजत होता, मशीनवर जागेची नोंद घेत होता, नाव नीट दोनदा विचारून लिहीत होता. फक्त वापराच्या रकान्याशी अडायचा. "या जागेचा वापर काय? काहीतरी लिहावं लागतं." बायका बावरायच्या. कुणी म्हणालं देवधर्म, कुणी म्हणालं मध गोळा करतो, कुणी म्हणालं पाला. ठकूबाई म्हणाली, "वापर कसला, पाखरं खात्यात." त्यानं लिहिलं, 'पक्षी'.

मग आम्ही दऱ्याच्या तोंडाशी आलो. तू चुन्याची रेघ ओलांडलीस आणि झाडापाशी थांबलास. तू लावलंस तेव्हा ते वीतभर होतं. तू वर बघत राहिलास. साहेबांनी टेप लावली, तेव्हा दुसरं टोक तू धरलंस. "मुलीचं नाव?" त्यांनी विचारलं. तू सांगितलंस. बावीस वर्षांनी मी ते ऐकलं. आता कागदावर आहे म्हणून फक्त उतरवून घेते, मी उच्चारत नाही. 'सायली छगन, वय वर्षे पाच.'

"आणि जागेचा वापर?"

तू म्हणालास, "राहायला."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "इथं कोण राहतं?"

"माझी लेक राहती, सायेब."

पार्थनं तुझा दंड धरला होता. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, मग लिहिलं. काठी टेकत ठकूबाई पुढं आली आणि त्यांच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "माजं खोडा. पाखरं न्हाई. माजाबी राहतो." मग तिच्या मागची बाई, मग पुंजाराम. सगळी परत वर चढली. साहेब सगळ्यांबरोबर वर आले आणि प्रत्येक झाडापाशी उभं राहून आधीचं खोडून परत लिहिलं. नकलेत बत्तीस ओळी आहेत. बत्तीस वेळा 'राहण्यासाठी' लिहिलंय, शेवटी शेवटी त्यांचं अक्षर बिघडलंय.

जबाबाचं पान वेगळं आहे. तू तो देत होतास तेव्हा मी मुद्दाम लांब जाऊन उभी राहिले होते. काल वाचला. 'मुलगी आजारी असताना उपचाराबाबत निर्णय कोणी घेतला?' याच्यापुढं तुझं उत्तर आहे, 'मी घरी नव्हतो.' तेवढंच. माझं नाव नाही, बाचंही नाही. मी ते पान किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

निघताना तू फक्त एकदा बोललास. "बाचं कुठं?" मी नदीकाठची जागा दाखवली. तू तिथं उकिडवा बसलास, हातानं वाळू सारखी करत होतास. बराच वेळ. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी जवळ आले नाही. उठल्यावर माझ्याकडं न बघता म्हणालास, "त्याला बावीस वर्सं एकट्याला ठिवलं." आपल्या दोघांना म्हणालास की मला, ते मी विचारलं नाही. दोन्ही खरंच आहे.

पार्थ घरात आला. ओणवं होऊन दारातून शिरला, तांब्याभर पाणी प्यायला, मला आत्या म्हणाला. तुझा तांब्या मी उंबऱ्यावर ठेवला होता. तू अंगणातूनच वळलास.

निकाल अजून नाही. खुंट्या आहेत तिथंच आहेत. पुंजाराम म्हणतो, दावा मिळंल. मला ठाऊक नाही. मी कधीकाळी खात्रीनं बोलले होते, त्यानंतर मी कशाचीच खात्री देत नाही.

तुझ्या तांब्यातलं पाणी तसंच राहिलं होतं. टाकवेना. त्या संध्याकाळी दऱ्यात गेले आणि तिच्या झाडाला घातलं. तुझ्याकडून घातलं, असं तिला सांगितलं.

आक्का